ओल्या हाताची

माझी आत्या काय करते असं कुणी विचारलं की मी सांगते, केस काळी करते. ऐकणाऱ्याला वाटतं हिची भाषा कच्ची आहे आणि आत्याचं पार्लर आहे. एका बाईने तर विचारलंही, की कलप धुतल्यावर उतरतो का. मग खुलासा करावा लागतो. घड्याळाची केस, म्हणजे ज्या पोलादी घरात घड्याळाचं यंत्र बसतं ते घर. आत्या त्यावर काळा थर चढवते. हा रंग नव्हे. रंग नखाने निघतो. आत्याने चढवलेला थर किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर वर्षभर खिशात राहिला तरी हूं की चूं करत नाही.

काम ऐकायला सोपं आहे. केस घासून गुळगुळीत करायची, साबणाच्या पाण्यात धुवायची, सुकवायची, आणि चेंबरमध्ये टांगायची. चेंबर म्हणजे जाड भिंतींचं, काचेची छोटी खिडकी असलेलं लोखंडी पिंप. त्यातली सगळी हवा ओढून घेतात. मग विजेच्या जोरावर गॅसचे कण पोलादावर आपटवून उरलासुरला मळ झाडतात, त्यावर एका धातूचं अस्तर देतात आणि अस्तरावर काळा थर बसवतात. मळ झाडणं आणि अस्तर या दोन पायऱ्यांना वेळ लागतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्या गाळल्या तरी केस तितकीच काळीभोर निघते. फरक कळतो काही महिन्यांनी, घड्याळ मनगटावर गेल्यावर.

आत्या तरुण असताना घड्याळांच्या एका कारखान्यात या कामावर होती. विभागाचा प्रमुख होता त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. उस्ताद मुळात झाडू मारायच्या कामावर लागला होता आणि बघून बघून सगळं शिकला होता, त्यामुळे त्याचा दरारा होता आणि तो त्याने कमावलेलाही होता. आत्याला त्यानेच शिकवलं. ती त्याचा शब्द खाली पडू द्यायची नाही. घरी जेवताना उस्ताद असे म्हणाले, उस्ताद तसे म्हणाले, हे ऐकून बाबांचे कान किटले होते. बाबा तिचा धाकटा भाऊ.

आत्याच्या तळहातांना घाम येतो. लहानपणापासून येतो, त्याला इलाज नाही. आणि या कामाचा खरा वैरी म्हणजे बोटाचा ठसा. धुतलेल्या पोलादाला उघडं बोट लागलं की तिथे तेलकटपणा राहतो आणि त्या जागी थर धरत नाही. म्हणून आत्या एकावर एक असे दोन हातमोजे घालायची आणि आतला मोजा भिजला की बदलायची. हे तिच्याशेजारी पॉलिशच्या चाकावर बसणाऱ्या मावशीला ठाऊक होतं. मावशी नात्यातली नव्हती. कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि मुळात तोंडाने फटकळ असूनही आत्याच्या डब्यात स्वतःच्या डब्यातलं काहीतरी टाकल्याशिवाय ती जेवायची नाही.

एका हंगामात मोठी मागणी आली. उस्तादाने मालकाला ठरल्या वेळेच्या आधी माल देईन असा शब्द दिला आणि तो पाळण्यासाठी अस्तराची पायरी गाळली. आत्याने विचारलं तेव्हा म्हणाला, इतक्या वर्षांत मला कळतं कुठे काय लागतं ते. ती मोजे बदलून कामाला लागली. माल वेळेत गेला, उस्तादाची पाठ थोपटली गेली, आणि काही महिन्यांनी घड्याळं परत यायला लागली. पट्टा जोडतात त्या कोपऱ्यांवरून काळा थर खपल्यांसारखा सुटत होता.

मालक विभागात आले तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि सगळे तिथेच होते. त्यांनी खपल्या सुटलेली केस टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, की हे कुणामुळे झालं. उस्तादाने इकडेतिकडे पाहिलं. मग तो आत्याजवळ आला, तिचं मनगट धरलं, तिच्या हातातला घास डब्यात पडला, आणि त्याने तिचा तळवा एका चकचकीत पोलादी पट्टीवर दाबला. हात उचलला तेव्हा पट्टीवर अख्खा पंजा उमटला होता, बोटांच्या रेघांसकट, ओला.

"हे बघा," तो म्हणाला. "असल्या हाताखालून माल गेला तर दुसरं काय होणार?"

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. मावशी उठून म्हणाली की ही पोरगी दोन दोन मोजे घालते, मी रोज बघते. उस्तादाने तिला तुझं चाक सांभाळ म्हणून सांगितलं. आत्या मालकांना म्हणत होती की ठशामुळे थर ठिपक्यांनी सुटतो, असा कडेकडेने सुटत नाही. पण ती रडत रडत बोलत होती, आणि रडणाऱ्या माणसाचं म्हणणं कितीही बरोबर असलं तरी लोक त्याचं रडणंच बघतात. त्याच दिवशी तिला घरी बसवलं.

गोष्ट इथेच थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. पण घड्याळांचा धंदा म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्यांचा धंदा. तिला नाव पडलं, ओल्या हाताची. ती जिथे काम मागायला जाई तिथे आधी तिच्या हातांकडे बघत. एका दुकानदाराने तर गंमत म्हणून रुमाल पुढे केला. बाबा सांगतात, त्या काळात ती घरात कुणाच्या हातात ग्लास द्यायची नाही, टेबलावर ठेवायची आणि सरकवायची.

शेवटी तिला काम मिळालं ते गावाबाहेर, ड्रिलची पाती बनवणाऱ्या कारखान्यात. तिथेही पात्यांवर असाच कडक थर चढवत, आणि तिथे हातांकडे कुणी बघत नव्हतं, कारण पातं लोखंडात घुसून टिकतं की तुटतं एवढंच तिथे मोजलं जाई. आत्या तिथे बरीच वर्षं राहिली. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, माझं एक काम राहिलंय. आम्हाला वाटायचं ती टाळते आहे. ती टाळत नव्हती. ती खरंच सांगत होती.

एक दिवस तिने ती नोकरी सोडली आणि घड्याळवाल्यांच्या गल्लीत एक गाळा घेतला. बाबांचा टेम्पो होता, त्यातून ती बंद पडलेल्या एका कारखान्याचं जुनं चेंबर घेऊन आली. बाबांनी विचारलं की शहरात एवढ्या जागा असताना याच गल्लीत का. आत्याने समोर बोट दाखवलं. समोर उस्तादाचं दुकान होतं. मधल्या काळात त्याने कारखाना सोडून, तिथलेच व्यापारी फोडून, स्वतःचं काम सुरू केलं होतं. पाटीवर त्याचं नाव नव्हतं, नुसतं उस्ताद लिहिलं होतं. आत पॉलिशच्या चाकावर मावशी बसली होती.

मी तेव्हा हिशेबनिसाची नोकरी करून कंटाळले होते. आत्याने बोलावलं आणि मी तिच्याकडे माल तपासायला आणि बांधायला लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ती जेवायला कायम रस्त्याकडे तोंड करून बसते. समोर कोण आलं, काय देऊन गेलं, किती खुशीत गेलं, हे ती घासागणिक बघत असायची. उस्ताद दारात आला की ती चावणं थांबवायची. त्याने तिला ओळखलं होतंच. पहिल्या दिवशी त्याने लांबून मान हलवली. आत्याने आपल्या दुकानाचं शटर त्याच्या तोंडावर अर्धं ओढलं.

मग तिने ड्रम आणला. ड्रिलच्या कारखान्यात थराची परीक्षा घ्यायला तो वापरत. आत चिनीमातीचे खडे असतात, त्यात वस्तू टाकायची आणि ड्रम फिरवत ठेवायचा. कच्चा थर सोलून निघतो, पक्का तसाच राहतो. हा ड्रम तिने दुकानाच्या अगदी पुढे, काचेमागे, रस्त्यावरून दिसेल असा बसवला. आणि गल्लीत सांगितलं की कुणाचंही काळं घड्याळ आणा, यंत्र काढून केस ठेवून जा, परीक्षा फुकट आणि बदली केस माझी.

लोकांना फुकटाचा तमाशा आवडतो. कोणी स्वतःच्या दुकानातलं आणलं, कोणी गिऱ्हाइकाने परत केलेलं. त्यात उस्तादाच्या हातचा माल भरपूर होता, कारण गल्लीतलं निम्मं काळं काम त्याच्याकडेच होतं. दुपारपर्यंत त्याच्या केसेस बाहेर निघायच्या त्या वांग आलेल्या चेहऱ्यासारख्या. आत्याने एक मोठी काचेची बरणी आणली, त्या सोललेल्या केसेस तिच्यात टाकायला लागली आणि बरणी ड्रमशेजारी मांडली. वर कसलीही चिठ्ठी लावली नाही. गरज नव्हती. केसच्या आतल्या बाजूला काम करणाऱ्याची खूण कोरलेली असते आणि ती खूण गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ होती.

ती बरणी ती रोज सकाळी पुसायची. चेंबरची काच मी पुसायचे, बरणी ती. पुसताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी तिच्या चेहऱ्यावर एरवी कधी पाहिलं नाही. बरणी अर्धी झाली तोवर उस्तादाचे दोन व्यापारी आमच्याकडे आले. भरत आली तोवर बरेच आले. त्यांच्यातला एक जण गमतीने म्हणाला, बाई, तुमचे हात आता कोरडे झाले वाटतं. आत्याने त्याचा माल परत केला आणि त्याला दुकानाबाहेर जायला सांगितलं. मोठं गिऱ्हाईक होतं. मी वहीतलं त्याचं नाव खोडलं.

यानंतरचं सांगायला जड जातं, पण सांगायलाच हवं. एक दिवस उस्तादाच्या हातच्या नव्या केसेस ड्रममध्ये गेल्या आणि जशाच्या तशा बाहेर आल्या. एक कोपरासुद्धा निघाला नव्हता. मी भिंगाखाली धरून पाहिल्या. पॉलिश आरशासारखं होतं आणि थर पक्का. त्याने अस्तर पुन्हा सुरू केलं होतं. बरणीने त्याला धडा शिकवला होता म्हणा, किंवा भीतीने शहाणा झाला म्हणा. मी आत्याला म्हटलं, "या चांगल्या निघाल्या."

तिने त्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरून नीट पाहिल्या, आणि म्हणाली, "कपाटात ठेव."

"आणि बरणी?"

"बरणी तिथेच राहू दे."

मी कपाटात ठेवल्या. त्यानंतर जेवढ्या चांगल्या निघाल्या तेवढ्या कपाटात गेल्या आणि काचेमागे जुनी पापंच दिसत राहिली. ज्यांनी त्या आणल्या होत्या त्यांना आत्या चांगली केस बघून म्हणायची, एखादी निघते अशी. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचा तर तिचा विचारच नव्हता.

उस्ताद आमच्या दुकानात आला तो भर दुपारी, एकटा. केस पांढरे झाले होते, म्हणजे डोक्यावरचे. उंबऱ्याच्या आत यायच्या आधी त्याने चपला काढल्या, कारखान्यात चेंबरच्या खोलीत शिरताना काढायचे तशा. आत्याने बस म्हटलं नाही. तो आयुष्यात पहिल्यांदा तिला तुम्ही म्हणाला.

त्याचं म्हणणं साधं होतं. माल आता चांगला जातो आहे हे तुम्हालाही कळलंय, बरणी काढा. बायको आजारी आहे, दोन कारागीर आणि मावशी माझ्यावर अवलंबून आहेत. आत्या ड्रमवर हात ठेवून ऐकत होती. मग तिने विचारलं, "त्या दिवशी माझा हात होता का?"

"नव्हता," तो म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं."

"हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. संघटनेच्या बैठकीत सांगा. सगळ्यांसमोर."

"सांगितलं तर बरणी काढाल?"

"काढीन," आत्या म्हणाली.

घड्याळवाल्यांच्या संघटनेची बैठक गल्लीतल्या एका दुकानावरच्या खोलीत भरायची. आत्या कधी जायची नाही, त्या दिवशी गेली, इस्त्रीची साडी नेसून. मला बरोबर नेलं. उस्ताद उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. कसला आडपडदा ठेवला नाही, हे त्याच्या बाजूने बोलायला हवं. मागणी, दिलेला शब्द, गाळलेलं अस्तर, मालकांचा प्रश्न, आणि समोर जेवत बसलेली पोरगी. तिचा हात दाबताना तिची चूक नाही हे मला ठाऊक होतं, असंही म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले मधेच वाजले तेव्हा एक जण दचकला.

मग एका व्यापाऱ्याने घसा साफ करून विचारलं, "म्हणजे अस्तर गाळायची सवय तेव्हापासूनची आहे. मग आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडून जो माल घेतला, त्यातही?"

उस्ताद खोटं बोलू शकला असता. पण माणूस एकदा खरं बोलायला लागला की त्याला मधेच थांबता येत नाही. तो म्हणाला, "घाईच्या वेळी, हो. आता नाही. आता गेले काही महिने मी..." पुढचं कुणी ऐकलं नाही. खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. मी आत्याकडे पाहिलं. हात मांडीवर ठेवून ती ताठ बसली होती, आणि तो प्रश्न येईल हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तो प्रश्न यावा म्हणूनच तर तिने बैठक निवडली होती.

खाली येऊन तिने लगेच बरणी काढली. शब्द पाळला. घरी जाताना मी विचारलं की हे असं होणार हे तुला माहीत होतं ना. ती म्हणाली, "मी बरणी काढीन म्हटलं होतं. काढली."

पुढच्या काही आठवड्यांत उस्तादाचा उरलेला धंदा बसला. जो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी गाळलं, त्याच्याकडे कोण जाणार? त्याने चेंबर विकायला काढलं. आत्याने तिसऱ्या माणसाला पुढे करून ते विकत घेतलं. बाबांना वाटलं, काम वाढलंय, दुसरं चेंबर लागणारच होतं. ते टेम्पो घेऊन आले तेव्हा गल्लीत गॅसकटर घेतलेला भंगारवाला उभा होता. आत्याने ते धडधाकट चेंबर रस्त्यावरच कापायला लावलं. ठिणग्या उडत होत्या, उस्ताद त्याच्या दारात उभा होता, आणि आत्या तिच्या दारात. बाबा म्हणाले, "ताई, हे वेडेपण आहे. यंत्राने तुझं काय घोडं मारलंय?" शेवटचा तुकडा टेम्पोत पडेपर्यंत ती जागची हलली नाही. मग आत आली, हात धुतले, आणि मला म्हणाली की आज भूक लागली आहे. तिने खरंच पोटभर जेवून घेतलं.

उस्ताद बायकोला घेऊन मुलीकडे, दुसऱ्या गावी राहायला गेला. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही आणि आत्याने कळून घेतलं नाही.

चेंबर कापल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन मावशीकडे गेली. मनात सगळं ठरवून गेली होती. खिडकीजवळचं चाक मावशीला द्यायचं, उजेड चांगला येतो, तिचे डोळे आता थकलेत. वाटेत तिने मला हे दोनदा सांगितलं. मावशीने दार उघडलं, बसायला दिलं, आणि आत्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

मग म्हणाली, "शेवटचे सहा महिने त्याच्याकडच्या प्रत्येक केसला पॉलिश माझ्या हातचं होतं. त्याला मीच धरून अस्तर द्यायला लावलं. म्हटलं, ती पोरगी समोर बसली आहे, आता तरी सुधार. तो सुधारला. त्या केसेस तुझ्या ड्रममध्ये गेल्या होत्या ना? त्या कुठे आहेत?"

आत्या म्हणाली, "कपाटात."

"तुझं वैर त्याच्याशी होतं," मावशी म्हणाली. "माझ्या चुलीशी नव्हतं."

आत्याने पुष्कळ समजावलं. पगार, खिडकी, उजेड, सगळं सांगून झालं. मावशी नाही म्हणाली. रागावून नाही, चाकावर केस धरताना ती जशी घट्ट धरायची तशी. आता ती घरीच दारांच्या मुठी आणि नळ घासून देते, हलकं काम, कमी मोबदला.

आत्या अजूनही तिच्याकडे जाते. महिन्यातून एकदा तरी. मावशी चहा देते, नातवाच्या दाताबद्दल, गुडघ्याबद्दल, शेजारणीबद्दल बोलते, कामाचा विषय निघू देत नाही. परवा गेलो तेव्हा अर्ध्या तासाने मावशी म्हणाली, ये आता, मला मुठी द्यायच्यात. आत्या उठली. कप स्वतः धुऊन ठेवला.

जिना उतरताना मी तिला विचारलं, इतक्या दिवसांनी, की पुन्हा तशी वेळ आली तर तू हे सगळं पुन्हा करशील का. ती कठड्याला धरून थांबली. तिच्या हाताचा ओला ठसा कठड्यावर उमटला होता आणि तिने तो पदराने पुसला नाही.

"करीन," ती म्हणाली. "सगळं असंच्या असं करीन. फक्त आधी मावशीला तिथून काढून आणीन."